न जुळलेलं रीडिंग

मॅडम,

मी तासगाव तालुक्यातली. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला, चौथ्या सेमिस्टरला आहे. मेजर केमिस्ट्री. नव्या पॅटर्नमध्ये ओई (ओपन इलेक्टिव्ह) म्हणून दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावाच लागतो, मला कॉमर्सकडचा ‘कृषी विपणन’ मिळाला. पहिल्या वर्षी पर्यावरण, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान परंपरा हे सगळं होऊन गेलं. आता कॉलेजने सांगितलंय की प्रत्येकाने ‘आत्मचिंतन अहवाल’ द्यायचा. बाकीच्या विषयांचा मेजरशी काय संबंध लागला ते सहा पानांत लिहायचं. इंटर्नलचे दहा मार्क. ग्रुपवर सीनियरची पीडीएफ फिरतेय, काही मैत्रिणींनी मोबाइलवर एआयकडून लिहून घेतलं. मी स्वतः लिहायला बसले, पण ‘या विषयामुळे माझ्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास झाला’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. पप्पा म्हणतात, केमिस्ट्रीकडे लक्ष दे, एम.एस्सी.ची एंट्रन्स आहे, बाकीचं पास होण्यापुरतं कर. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. काय लिहू? आणि मनापासून लिहिण्यात काही अर्थ आहे का?

ता.क. विपणनाच्या तासाला सरांनी प्रतवारी शिकवली तेव्हा आमची बेदाण्याची शेड आठवली. आई आणि बायका रंग बघून माल निवडतात. पण असलं घरचं अहवालात बरं दिसत नाही ना?

— एक विद्यार्थिनी

अगं मुली,

तुझा अहवाल त्या ताजा कलमात आहे. वरचं सगळं पत्र तू विद्यार्थिनी म्हणून लिहिलंस आणि शेवटच्या तीन ओळी तुझ्या स्वतःच्या म्हणून लिहिल्यास. सहा पानं त्या तीन ओळींतूनच निघतील.

आधी हे असं का झालं ते सांगते, कारण तुमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना वाटतं की हे विषय कुणीतरी उगाच डोक्यावर मारलेत. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे त्यासाठीचा शासन निर्णय निघाला. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आणि तुमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला नवा ढाचा सुरू झाला. मेजर, मायनर, ओई, कौशल्याचे विषय, मूल्यांचे विषय, फील्ड प्रोजेक्ट, इंटर्नशिप, प्रत्येकाची क्रेडिटं वेगळी. ओई मेजरच्या शाखेबाहेरचाच हवा, हा नियम मुद्दाम केलेला आहे. सायन्सच्या मुलीला बाजार कळावा, कॉमर्सच्या मुलाला थोडं विज्ञान कळावं, हा त्यातला विचार मला पटतो. मी तीसेक वर्षं केमिस्ट्री शिकवली. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणातलं प्रमाण मोजणं, सफाईने करणारी पण आपण हे का करतोय याचं उत्तर देता न येणारी मुलं मी दर वर्षी पदवी घेऊन जाताना बघितली आहेत. त्यामुळे हा बदल मला हवाच होता.

पण ढाच्याने एवढंच केलं की विषय शेजारी शेजारी आणून ठेवले. ते एकमेकांशी बोलतील याची सोय कुणी केली नाही. दहाला तुझं प्रॅक्टिकल सुरू होतं सायन्सच्या इमारतीत, दुपारी विपणनाचा तास असतो कॉमर्सच्या इमारतीत. केमिस्ट्रीच्या मॅडम त्या इमारतीत कधी जात नाहीत, विपणनाचे सर लॅबमध्ये येत नाहीत. दोघांच्या स्टाफरूम वेगळ्या, परीक्षा वेगळ्या. या दोन इमारतींमधलं पटांगण रोज ओलांडून जाणारी तू एकटीच आहेस. म्हणून हा अहवाल तुझ्याकडे मागितलाय. तुझ्याशिवाय तो कुणाला लिहिताच येणार नाही, अगदी तुझ्या दोन्ही शिक्षकांना मिळूनसुद्धा नाही.

आता ते ‘सर्वांगीण विकास’वालं वाक्य. ते तुला का सुचलं हे मला नीट माहीत आहे, कारण ते आम्हीच शिकवलंय. तुझं प्रॅक्टिकलचं जर्नल उघड. टायट्रेशनची तीन रीडिंगं असतील: ९.८, ९.८, ९.८. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तोच येणारा ब्युरेटचा आकडा, ९.८. बरोबर? आणि त्या दिवशी कच्च्या वहीत प्रत्यक्ष काय आलं होतं? ९.६, १०.३, ९.८ असं काहीतरी. १०.३ आलं तेव्हा तू शेजारणीकडे बघितलंस, ‘तुझं किती आलं गं?’ म्हणालीस आणि पक्क्या जर्नलमध्ये तीन सारखे आकडे उतरवलेस. मी अशा हजारो जर्नलांवर सही केलीय. तीन रीडिंगं एकसारखी बघितल्यावर मला कळायचं, तरी मी सही करायचे, कारण बॅचमध्ये वीस मुलं, दोन तास आणि बाहेर पुढची बॅच उभी. याची मला आज लाज वाटते. त्या १०.३ मध्येच शिकायचं होतं सगळं. ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा होता, की रंग बदलून गेल्यावर तुझं लक्ष गेलं, की पिपेट आधी त्या द्रावणाने खळबळून घेतलीच नव्हतीस? हे विचारणं म्हणजे केमिस्ट्री. ९.८ तर पुस्तकात होतंच.

आत्मचिंतन म्हणजे ती कच्ची वही. तुम्ही सगळ्या जणी ते पक्क्या जर्नलसारखं लिहायला बसलाय, म्हणून सगळ्यांचा सीबीआर एकच येतोय: व्यक्तिमत्त्वाचा विकास.

अमेरिकेतले जॉन ड्युई नावाचे तत्त्वज्ञ शिक्षणाविषयी फार लिहून गेले. १९१० मध्ये त्यांनी विचार कसा चालतो यावर एक पुस्तक लिहिलं. त्यातली एक गोष्ट मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे. माणूस सरळ रस्त्याने जात असतो तेव्हा विचार करत नाही. रस्ता फुटतो आणि कुठे वळावं कळत नाही, तेव्हा तो थांबतो आणि खरा विचार तिथे सुरू होतो. तुला ज्या ठिकाणी दोन रस्ते दिसले ते ठिकाण शोध आणि तिथलं लिही.

तुझ्या पत्रावरून मला ते ठिकाण दिसतंय. शेडमध्ये जाऊ.

द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका मेणाचा थर असतो. बोट फिरवलं की पुसला जातो तोच. मण्यातलं पाणी सहज उडून जाऊ नये म्हणून वेलीनेच केलेली ती सोय. बेदाणा करायचा म्हणजे तेच पाणी बाहेर काढायचं, ढोबळमानाने चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होईपर्यंत. म्हणून तुमच्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात आणि शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. ते डिपिंग ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट. एस्टर, आम्ल आणि अल्कोहोल मिळून होणारं संयुग! तू पहिल्या वर्षी एस्टर शिकलीस, त्याचा वास कसा असतो हे परीक्षेत लिहिलंस. घरी त्याचे कॅन भिंतीशी उभे आहेत हे तेव्हा तुला कुणी विचारलं नाही. कार्बोनेटने द्रावण अल्कली होतं, तेल त्यात नीट मिसळून राहतं आणि ते मेणाच्या थरात शिरून त्याची वीण सैल करतं. मग पाणी लवकर निघून जातं.

लवकर का हवं? रंगासाठी. मण्याच्या आत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं त्याच जातीचं. वाळायला वेळ लागला की ते आपलं काम करतं आणि माल तपकिरी होतो. शेडला सावली ठेवायची, हवा खेळती ठेवायची, शेवटी गंधकाची धुरी द्यायची, हे सगळं त्या एन्झाइमला आवरण्यासाठी. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि तो रंग धरून ठेवतो.

हा झाला सायन्सच्या इमारतीतला भाग. आता पटांगण ओलांड.

विपणनाच्या सरांनी फळ्यावर लिहिलं असेल: प्रतवारी म्हणजे रंग, आकार आणि एकसारखेपणा यांनुसार मालाची विभागणी, प्रतवारीमुळे शेतकऱ्याला योग्य भाव मिळतो. आता ‘योग्य’ या शब्दाजवळ थांब. हिरवा, लांबट, चमकदार बेदाणा चढ्या भावाने जातो, तपकिरी खाली. तुझी केमिस्ट्री म्हणते, तपकिरी रंग आला म्हणजे एका एन्झाइमने हवेतला ऑक्सिजन वापरला, एवढंच. त्याने माल नासका ठरत नाही. तुझं विपणन म्हणतं, तो दुय्यम दर्जाचा. एकाच दाण्याबद्दल तुझे दोन विषय दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत. रस्ता फुटला तो इथे.

मुलं इथेच चुकतात. त्यांना वाटतं की संबंध दाखवायचा म्हणजे साम्य दाखवायचं. ‘केमिस्ट्रीतही प्रमाण महत्त्वाचं आणि विपणनातही प्रमाण महत्त्वाचं’ असलं काहीतरी. ते खोटं नसतं, पण त्याने कुणाचं काही पुढे जात नाही. दोन विषयांची खरी सांगड बसते ती जिथे ते एकमेकांशी भांडतात तिथे. जिथे एक विषय गप्प बसतो आणि दुसऱ्याला बोलावं लागतं, तिथेही. धुरीचंच बघ. केमिस्ट्रीला विचारलं तर ती म्हणेल, धुरी दिली की रंग टिकतो. विपणन म्हणेल, धुरी दिली की भाव मिळतो. दोघं खूश. पण धुरीच्या खोलीचं दार उघडल्यावर सगळ्यात आधी आत जातं कोण? तोंडावर पदर धरून? पहिल्या वर्षीच्या पर्यावरणाच्या पेपरात तू सल्फर डायऑक्साइडचे श्वसनावरचे परिणाम पाच मार्कांसाठी लिहिले होतेस. तिसरा विषय आला की नाही आत? त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो स्वतःच आला.

मी तुझ्या जागी असते तर एका दिवसाची नोंद कशी लिहिली असती, ते दाखवते. ही उतरवून देऊ नकोस, तुझी शेड मी बघितलेली नाही.

‘आज विपणनात प्रतवारी झाली. सर म्हणाले, एकसारख्या मालाला भाव मिळतो. संध्याकाळी शेडवर गेले. आई, काकू आणि दोन बायका जाळीवरचा माल निवडत होत्या. मी आईला विचारलं, हा दाणा बाजूला का काढलास? ती म्हणाली, काळवंडलाय. मी दोन्ही दाणे खाऊन बघितले. मला चवीत फरक कळला नाही. आईला कळला, ती म्हणाली काळा जरा जास्त गोड आहे. मग आपण गोड माल स्वस्त विकतो का? आई म्हणाली, गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं. हे वाक्य सरांच्या नोट्समध्ये नाही, पण प्रतवारीची व्याख्या यापेक्षा चांगली मला सापडली नाही. केमिस्ट्रीच्या बाजूने बघितलं तर आम्ही सगळा खर्च एक एन्झाइम थांबवायला करतो. तो खर्च गिऱ्हाईक देतं की आम्ही सोसतो, हे मला अजून कळलेलं नाही. धुरीनंतर मालात गंधक किती उरतं हेही माहीत नाही. पप्पांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही.’

बस. एवढीच नोंद. यात ‘मी शिकले’ कुठेही नाही, विकास नाही, आणि शेवटी दोन गोष्टी ‘माहीत नाही’ म्हणून ठेवल्यात. त्या शेवटच्या दोन ओळींसाठी मी दहापैकी नऊ दिले असते.

कारण बघ, त्यातली दुसरी ओळ तुला थेट लॅबमध्ये परत घेऊन येते. आयोडीन आणि थायोसल्फेटचं टायट्रेशन तू केलंयस किंवा लवकरच करशील. निर्देशक स्टार्च, निळा रंग. सल्फाइटबरोबर आयोडीनची अभिक्रिया होते, त्याचं सल्फेट होतं आणि खर्च झालेल्या आयोडीनवरून सल्फर डायऑक्साइडचा अंदाज काढता येतो. सुकवलेल्या फळांतलं आणि वाइनमधलं गंधक मोजायला ही रीत पूर्वीपासून वापरात आहे. खाद्यपदार्थांत ते किती चालतं याची कायद्याने मर्यादा ठरलेली आहे. दमा असलेल्या काही लोकांना त्याचा त्रासही होतो. तुझ्या मॅडमना विचार, तुमच्या लॅबमध्ये हे करता येईल का. बेदाण्याचा स्वतःचा रंग एंडपॉइंटच्या, म्हणजे रंग बदलतो त्या क्षणाच्या, आड येईल, नमुना कसा काढायचा ते शिकावं लागेल, पहिली रीडिंगं जुळणार नाहीत. आणि ती न जुळल्याचं तुला या वेळी वाईट वाटणार नाही, कारण प्रश्न तुझा आहे. दुसऱ्या वर्षाला तुम्हाला फील्ड प्रोजेक्ट किंवा समाजसंपर्काच्या कामाची क्रेडिटं असतात ना? विषय शोधायला दुसरीकडे जायची गरज नाही. फक्त धुरी चालू असताना त्या खोलीत जायचं नाही आणि तो नमुना एकटीने हाताळायचा नाही, हे मी तुझी शिक्षिका नसले तरी बजावते.

तुला वाटेल, इतक्या घरगुती गोष्टीतून अभ्यास होतो का. आपल्याच माणसाचं उदाहरण देते. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यात जन्मले, हार्वर्डला शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांचं मेजर म्हणशील तर गणित आणि संख्याशास्त्र. त्यांनी तक्षशिलेला सापडलेली प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी हातात घेतली आणि इतिहासकार करत नव्हते ते केलं: ती एकेक करून तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, दर देवघेवीला कणभर धातू कमी होतो. सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, त्यामुळे जितका काळ जास्त तितकं सरासरी वजन उतरत जातं आणि वजनांमधला फरक वाढत जातो. यावरून कुठली नाणी आधीची आणि कुठली नंतरची, हे लावता येतं. आपलं गृहीतक बरोबर आहे का हे बघायला त्यांनी त्या काळची चलनातली साधी नाणीही हजारोंनी तोलली. तुमच्या बॅलन्स रूममध्ये काचेच्या पेटीतला तराजू आहे ना, दार उघडं राहिलं तर वाऱ्याने रीडिंग हलतं तो? तसल्या कामातून मौर्यकाळाच्या इतिहासाला एक नवी वाट फुटली. गणिताने इतिहासाला विचारलं, तुझी नाणी जरा तोलू का? कोसंबींनी ते आपल्या हाताने तोललं, म्हणून सांगड बसली. पुस्तकात ‘गणित आणि इतिहास यांचा संबंध’ असा धडा त्यांच्यासाठी कुणी लिहून ठेवलेला नव्हता.

आता पप्पांचं. त्यांच्या म्हणण्याला मी हलकं घेणार नाही. बागेवर कर्ज असतं, अवकाळी एका रात्रीत घड फोडून जातो, आणि मुलगी एम.एस्सी. होऊन कुठेतरी स्थिर व्हावी यात त्यांचं काय चुकलं? एंट्रन्सला ऑरगॅनिक, फिजिकल, इनऑरगॅनिक विचारणार, कृषी विपणन विचारणार नाही. त्यामुळे केमिस्ट्रीचे तास कमी करू नकोस. मी तुझ्याकडे मागतेय तो वेळ आठवड्याला अर्धा तास आहे. रविवारी रात्री, कच्च्या वहीत, एक नोंद. विपणनाच्या तासाला तू तशीही बसतेसच. दोन क्रेडिटं म्हणजे तीस तास. ते तीस तास बसून फुकट घालवायचे की अर्धा तास जास्त देऊन वसूल करायचे, असं पप्पांना विचार. शेतकऱ्याला हा हिशेब पटतो.

आणि त्यांना एक गोष्ट सांग. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्र शिकायला. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, आणि त्याबरोबर इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. वर ज्या ड्युईंचं सांगितलं त्यांच्याकडेही ते शिकले. ९ मे १९१६ ला त्यांनी भारतातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर ओईच्या वर्गात. भारतातून जो प्रश्न उरावर घेऊन ते तिथे गेले होते, त्याचं नाव त्या वर्गात त्यांना घेता आलं. त्यामुळे अर्थशास्त्र कच्चं राहिलं का? १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध लंडनहून प्रसिद्ध झाला. तुझी आणि त्यांची तुलना मी करत नाही. मला एवढंच म्हणायचंय की दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्याने आपली खोली हातची जात नाही.

सगळेच विषय जोडले जातील असं मात्र मुळीच समजू नकोस. एखाद्या विषयाचे तास नीट झाले नसतील, एखादा तुला भिडलाच नसेल. तिथे ओढूनताणून काही लिहू नकोस. ‘या विषयात मला माझ्या कामाचं काही सापडलं नाही, मला अमुक एक जाणून घ्यायचं होतं, ते राहून गेलं’ असं सरळ लिही. तक्रारीच्या सुरात लिहिलंस तर वाचणारा दुखावेल आणि मुद्दा बाजूला राहील. काय हवं होतं ते लिहिलंस तर एखादा शिक्षक पुढच्या वर्षी ते घेईलही. मी घेतलं होतं. आमच्या वेळी पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला, सुप्रीम कोर्टाच्या १९९१ च्या आदेशामुळे. प्रकल्प द्यावा लागायचा. दर वर्षी माझ्या टेबलावर ‘आमच्या गावातील नदीचे प्रदूषण’ याच नावाचे पन्नास-साठ प्रकल्प यायचे, झेरॉक्सच्या दुकानातून आलेले, नदीचं नाव तेवढं बदललेलं. एकदा एका मुलीने लिहून दिलं: ‘मी नदीवर गेले नाही. आमच्या घरातून मुलींना नदीकडे एकटं जाऊ देत नाहीत. पाण्याचा नमुना माझ्या भावाने आणला. त्यामुळे नदी कशी दिसते ते मला सांगता येणार नाही, बाटलीतलं पाणी कसं दिसतं ते सांगते.’ पुढे दोन पानं. पाण्याचा रंग, वास, तळाशी बसलेला गाळ, लॅबमध्ये काढलेला कठीणपणा. त्या साठ गठ्ठ्यांत नदीविषयीचा तो एकच खरा कागद होता. त्यानंतर मी दर वर्षी मुलींची बॅच स्वतः नदीवर न्यायला लागले.

म्हणूनच तुझ्या ‘बरं दिसत नाही ना?’ने मला त्रास झाला. अहवालात जागतिकीकरण बरं दिसतं आणि आईची निवड बरी दिसत नाही, हे तुला कुणी तोंडाने सांगितलं नसेल. पण इतक्या वर्षांत आमच्या पुस्तकांनी, आमच्या प्रश्नपत्रिकांनी ते न बोलता सांगितलं. तुझी आई दिवसाला काही हजार दाण्यांचा निर्णय घेते. दाणा बोटात येतो, उलटतो, बाजूला पडतो किंवा राहतो, आणि पुढचा. त्यामागे रंग आहे, हाताला लागणारा ओलसरपणा आहे, देठ राहिलाय का ते आहे, या वर्षीचा भाव आहे. हे तिला शब्दांत कुणी विचारलेलं नाही. तू विचार. मात्र तिला विचारूनच लिही. ‘आई, हे मी कॉलेजच्या अहवालात घालू का?’ असं तिची परवानगी घेऊन. भाव, कर्ज, मजुरी असले घरचे आकडे ती नको म्हणाली तर गाळ. बाकीच्या बायकांच्या बाबतीतही तसंच, त्यांची नावं घालू नकोस.

मोबाइलवरून लिहून घेणाऱ्या मैत्रिणींचं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. दहा मार्क त्यांनाही मिळतील, कदाचित तुझ्यापेक्षा एखादा जास्त. एम.एस्सी.च्या मुलाखतीला किंवा एखाद्या कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये गेल्यावर समोरचा विचारतो, ‘तुम्ही स्वतः काय केलंय?’ तेव्हा पीडीएफमधलं काही आठवत नाही. एन्झाइम, धुरी आणि आयोडीनचं तुला झोपेतही सांगता येईल. आणि समोरच्याने मध्येच अडवून ‘पण का?’ विचारलं तरी तू अडखळणार नाहीस.

सहा पानं भरायची चिंता करू नकोस. सेमिस्टर संपायला अजून आठ-दहा आठवडे असतील. आठ नोंदी झाल्या तरी पुष्कळ. शेवटी त्या सलग वाचून काढ आणि त्यातल्या ज्या दोन-तीन एकमेकींना चिकटतात तेवढ्याच अहवालात घे. पक्क्या वहीत उतरवताना न जुळलेलं काही नीटनेटकं करू नकोस. खोडलेलं असेल तर खोडलेलं ठेव.

बेदाण्याचा हंगाम आत्ता सुरूच होतोय. येत्या प्रॅक्टिकलला लॅब असिस्टंटकडे पीएच पेपरच्या चार-पाच पट्ट्या माग, वहीत नोंद करून देतात ते. शनिवारी शेडवर डिपिंगचं द्रावण ताजं केलं की एक पट्टी बुडव, आणि तीस-चाळीस क्रेट बुडवून झाले की त्याच टाकीत दुसरी. दोन्ही पट्ट्या वाळवून वहीत चिकटव, खाली तारीख, वेळ आणि किती क्रेट झाले ते लिही. रंगात फरक पडला तर पप्पांना दाखव आणि द्रावण कधी बदलायचं हे ते कशावरून ठरवतात, ते विचार.